दसऱ्याचा पालपिट्टा

हैदराबादच्या सुलतान बाजारातल्या एका जुन्या मराठी घरात दसऱ्याच्या दोन गोष्टी ठरलेल्या असत. संध्याकाळी आपट्याची पानं वाटायची आणि त्याआधी पालपिट्टा पाहायचा. पालपिट्टा म्हणजे आपला नीलपंख, तेलंगणाचा राज्यपक्षी. पांडव वनवासातून परतताना तो दिसला आणि पुढे त्यांना जय मिळाला, अशी इकडची श्रद्धा.

पण या कोठी भागातल्या गर्दीत नीलपंख यायचा कुठून? त्याला मोकळं रान लागतं, तारेवर बसून खालचे टोळ-भुंगे हेरायला. म्हणून एक माणूस कापडानं झाकलेला पिंजरा घेऊन गल्लीत येई. "अम्मा, पालपिट्टा देख लो, शुभ होता." कापड वर होई, आजी हात जोडी, वीस रुपये देई, कापड खाली.

एका वर्षी कॉलेजात जाणारी नात शेजारी उभी होती. ती पक्षीनिरीक्षकांच्या एका गटात नुकतीच जाऊ लागली होती. नीलपंख तिनं अजून रानात पाहिला नव्हता, म्हणून ती वाकून बघू लागली. पंखांची टोकं कापलेली होती, पायाला दोरा होता, चोच उघडी होती.

"आजी, पैसे देऊ नकोस."

"अगं, वर्षाचा सण."

"याला धरणं गुन्हा आहे, 1972 पासूनचा कायदा आहे. आणि तू देतेस म्हणून तो पुढच्या वर्षी दुसरा धरून आणतो."

आजीनं नोट बटव्यात परत ठेवली. नातीनं वन विभागाला फोन केला, पण माणसं येईपर्यंत पिंजरेवाला गल्ली बदलून गेला होता. हैदराबादेत दसऱ्याच्या सुमारास असे पक्षी सोडवून आणले जातात. कुणाचे पंख चिकटवलेले असतात, कुणाचे कापलेले. त्यातले कित्येक सोडवूनही जगत नाहीत. हात जोडणाऱ्या माणसांच्या मनात पाप नसतं, हे मला ठाऊक आहे. पक्ष्याला मात्र त्याचा उपयोग होत नाही.

नोव्हेंबर आला. महाराष्ट्रात 5 तारखेला वन्यजीव लेखक मारुती चितमपल्लींचा आणि 12 तारखेला पक्षीशास्त्रज्ञ सालिम अलींचा जन्मदिवस, त्या दोहोंमधला आठवडा पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. सालिम अलींच्या जन्मदिवशी नातीच्या गटानं अमीनपूर तलावावर पक्षीगणना ठेवली. आजी म्हणाली, "मलाही ने." पहाटे निघाले. तलावावर वंचक, शेकाटे, हळदीकुंकू बदकं होती. मुलं एकमेकांना नावं सांगत होती, कुणी वहीत तर कुणी फोनमधल्या ई-बर्ड ॲपवर नोंदी करत होतं, डब्यातली इडली फिरत होती. अनोळखी माणसांना दुर्बीण हातात देणारी ही मंडळी आजीला फार आवडली.

आणि तारेवर नीलपंख दिसला.

बसलेला नीलपंख तपकिरी, साधाच दिसतो. सगळी निळाई पंख उघडल्यावर. फोटो हवा तो त्या निळाईचा. कुणीतरी टाळी वाजवली, पक्षी उडाला, पुढच्या खांबावर बसला. सगळे तिकडे धावले. पुन्हा टाळी, पुन्हा पुढचा खांब. नातही धावत होती.

ती धापा टाकत परतली. "आजी, लायफर! रानात पहिल्यांदाच पाहिला. फोटोही मिळाला."

"दोनदा त्यानं गवतात झेप घेतली होती," आजी म्हणाली. "चोचीत काही यायच्या आत तुम्ही पोचलात."

"आम्ही काही त्याला धरलं नाही."

"धरलं नाहीत, खरं. खाऊही दिलं नाहीत. त्या पिंजरेवाल्याचे पैसे तू थांबवलेस. हे कोण थांबवणार?"

गटातले वयस्कर सर जवळच उभे होते. त्यांनी सगळ्यांना बोलावलं. "पक्षी आपल्यामुळे उडाला, तर आपण फार जवळ गेलो, एवढं समजा. सालिम अली 1931-32 मध्ये निजामाच्या मुलखातले पक्षी नोंदवत फिरले, तेव्हा नमुने गोळा करायला बंदूक लागे. आज दुर्बिणीनं भागतं. मग तिच्यावरच भागवूया." मुलं मुकाट्यानं बांधावर बसली. एकानं विचारलं, फोटो काढूच नये का? सर म्हणाले, काढावा, तो जिथं आहे तिथं, तो जसा आहे तसा. नातीनं आपल्या नोंदीपुढे लिहिलं: आम्ही हुसकावला.

पुढच्या दसऱ्याला पिंजरेवाला गल्लीत आला तेव्हा आजीच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या तीन घरांनाही. बायका-मुलं घेऊन आजी पहाटेच बसनं अमीनपूरला निघाली होती, आणि वाटेत नात सगळ्यांना बजावत होती: टाळ्या नाहीत, हाका नाहीत, बांधावरून पुढे जायचं नाही.

"आणि एवढं येऊन नाहीच दिसला तर?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

"आपट्याची पानं आहेत ना," आजी म्हणाली. "पालपिट्टा पुढल्या वर्षी."