वर गरम, खाली गार

कोपनहेगनमध्ये थंडीसाठी घरोघरी बंब पेटत नाहीत. 1973च्या तेलटंचाईचे चटके बसल्यावर डेन्मार्कने 1979 साली उष्णतापुरवठ्याचा कायदा केला. आज त्या शहरातली जवळजवळ सगळी घरं सामाईक गरम पाण्यावर ऊब घेतात. वीजकेंद्रात किंवा कचरा जाळून पाणी तापवतात, ते जमिनीखालच्या नळांनी इमारतींपर्यंत जातं आणि ऊब देऊन दुसऱ्या नळानं माघारी येतं.

तिथल्या एका इमारतीला एकदा बिलात जादा आकार लागला. कारण लिहिलं होतं : परतीचं पाणी फार गरम.

चेअरमन उखडले. "आमच्याइतकं काटकसरी कोण आहे? माझ्या घरी पाचांपैकी चार रेडिएटर बंद असतात." त्यांचा कित्ता बहुतेकांनी गिरवला होता. मग संशय गेला तिसऱ्या मजल्यावरच्या आजींवर, कारण त्या सगळे रेडिएटर चालू ठेवत. त्यात आजींचीच तक्रार आलेली : "माझे रेडिएटर बिघडलेत. वर गरम, खाली गार."

केअरटेकर गेला. त्यानं रेडिएटरवर वरपासून खालपर्यंत तळहात फिरवला आणि हसला. "आजी, अख्ख्या इमारतीत धड चालणारे एवढेच आहेत."

चेअरमनच्या घरचा एकुलता एक चालू रेडिएटर मात्र पूर्ण उघडा होता आणि खालपर्यंत हात लावू देत नव्हता. पाणी त्यातून इतक्या घाईनं पळत होतं की ऊब टाकायला त्याला फुरसतच नव्हती. केअरटेकरनं चेअरमनना तळघरात नेऊन दोन्ही नळांना हात लावायला सांगितलं. येणारा नळ कढत, जाणाराही जवळजवळ तसाच.

"80 अंशांचं पाणी 60वर परत धाडलं, तर आपण 20 अंशच घेतले. 40वर धाडलं, तर तेवढीच ऊब निम्म्या पाण्यात मिळते. दारात किती आलं ते मोजू नका साहेब, वापरलं किती ते बघा."

चेअरमनना ते पटायला वेळ लागला. काटकसरीचा अभिमान असा सहजी उतरत नाही. आणि जादा आकार लावण्यात वीजकेंद्राचाही स्वार्थ असतो. परतीचं पाणी गार असेल, तर त्यानं धुराड्यातल्या वाफेचं पाणी करून तिची उष्णताही पकडता येते. गरम पाण्याला ते जमत नाही.

"मग सगळे रेडिएटर उघडायचे? बिल वाढेल की!"

"सगळे उघडायचे, पण थोडे थोडे."

पुढच्या बिलात जादा आकार नव्हता, उलट थोडी सूट होती. मोठा पंप घेण्याचा ठराव चेअरमननी मांडला होता, तो त्यांनीच मागे घेतला. आजींनी मात्र सभेत विचारलं, की माझ्या न बिघडलेल्या रेडिएटरच्या दुरुस्तीचा खर्च कुणाच्या नावावर टाकला आहे?