घोड्यावरून उतरावे



आपला जयघोष नीट ऐकावा. त्यात आधी पुंडलिकाचे नाव येते, मग विठ्ठलाचे. चंद्रभागेचे स्नान झाले की प्रथम वाळवंटातल्या पुंडलिकरायाचे दर्शन घ्यावयाचे आणि मग महाद्वाराकडे वळावयाचे, ही आपली रीत. देवाच्या आधी भक्ताला हा मान कशाने मिळाला? दिंडीतले लहान पोरही सांगेल, आईबापांच्या सेवेने. देव दारी आला तरी हातची सेवा टाकून पुंडलिक उठला नाही. त्याने मागे वीट सारली आणि देवाला उभे राहावयास सांगितले. देव अजून उभाच आहे.

पण सज्जनहो, या आख्यानाला एक पूर्वार्ध आहे, आणि तो आम्ही कीर्तनकार मंडळी घाईने उरकतो. पुंडलिक काशीयात्रेला निघाला तेव्हा तो बायकोसह घोड्यावर होता आणि म्हातारे आईबाप मागून पायी फरफटत होते. वाटेत कुक्कुटमुनींच्या आश्रमात मुक्काम पडला. पहाटे मळक्या वस्त्रांच्या तीन स्त्रिया आल्या, त्यांनी अंगण झाडले, सडा घातला आणि उजळ होऊन त्या निघाल्या. त्या गंगा, यमुना, सरस्वती. लोकांची पापे धुऊन मळलेल्या नद्या, आईबापांची सेवा करणाऱ्याच्या अंगणात शुद्ध व्हावयाला येत. हे पाहिले आणि पुंडलिक घोड्यावरून उतरला. म्हणजे बरं का, आपला आदर्श पुत्र आधी घोडेस्वार होता. या पूर्वार्धाविषयी मला बोलावयाचे आहे, कारण तो मी स्वतः जगलो आहे.

आमचे घर माण तालुक्यातले, जमीन जिरायती. १९७२ च्या दुष्काळात माझे वडील, आबा, दुष्काळी कामावर खडी फोडीत. तिथे मिळालेली सुकडी स्वतः न खाता फडक्यात बांधून घरी आणीत. पुढल्या साली, १९७३ च्या आषाढीला, त्यांनी मला प्रथम वारीला नेले. मी अकरा वर्षांचा होतो.

पुणे ते सासवड ही वारीतली सर्वांत लांब मजल, आणि तीत दिवेघाटाचा चढ. पायथ्याशीच माझा धीर सुटला. आबांनी उपरण्याचे टोक माझ्या मुठीत दिले आणि म्हणाले, "वर बगू नगंस. म्होरल्याच्या टाचा बग आन् पाय टाक." मी त्यांच्या टाचा पाहिल्या. भेगाळलेल्या होत्या, भेगांत खडीची पांढरी भुकटी बसलेली. त्या टाचा पाहत पाहत मी घाट चढलो. रात्री राहुटीत मी झोपलो असे समजून ते माझे पाय चेपीत. मी जागाच असे. बोललो तर ते हात काढून घेतील, म्हणून डोळे मिटून पडून राही.

पुढे त्यांनीच मला संस्कृत पाठशाळेत घातले. अमरकोश पाठ झाला, लघुकौमुदी झाली, पंचमहाकाव्ये झाली. १९८५ साली गावच्या सप्ताहात माझे पहिले मोठे कीर्तन झाले. आबा टाळकऱ्यांत उभे होते. नामगजरात विश्वंभर हे नाव आले. गावकऱ्यांच्या जिभेला जसे येते तसे आबा ते 'इसंबर' असे म्हणाले. मी टाळ थांबविले. भर मंडपात वडिलांकडे बोट करून म्हणालो, "नाव देवाचे आहे, शुद्ध घ्यावे," आणि त्या शब्दाची व्युत्पत्ती सांगितली. विश्वाचे भरणपोषण करणारा तो विश्वंभर. लोक हसले. माझ्या विद्येचे कौतुक झाले. ज्याने खडी फोडून माझे भरणपोषण केले, तो टाळ हातात घेऊन खाली मान घालून उभा होता, हे मला दिसलेच नाही.

कीर्तन संपल्यावर, लहानथोर न पाहता एकमेकांच्या पायी लागण्याच्या आपल्या रिवाजाप्रमाणे, आबा माझ्या पाया पडले आणि म्हणाले, "चुकलं, महाराज." त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. घरीदारी महाराज, जेवताना महाराज. मी तो मान समजलो.

तैत्तिरीय उपनिषदात आचार्य शिष्याला सांगतात की आई, बाप, आचार्य, अतिथी यांना देव मान. हा उपदेश केव्हा केला आहे, ते पाहावे. वेद शिकवून झाल्यावर, शिष्य घरी निघताना. लहान पोराला बाप देवच वाटतो, त्याला सांगावे लागत नाही. शिकून सवरून परतणाऱ्याला सांगावे लागते. मी हे उपनिषद तोंडपाठ म्हणत असे, पण त्यातला हा प्रसंग माझ्या ध्यानात आला नव्हता.

१९९७ ची वारी. आबा सत्तरीचे. आळंदीहून निघण्याआधी म्हणाले, "महाराज, औंदा एक मजल माझ्यासंगं चालता का?" मी म्हटले, पाहू. माझी कीर्तने ठरलेली होती. फलटणच्या अलीकडे यजमानांच्या जीपगाडीतून मी दिंड्यांच्या कडेने पुढे चाललो होतो. तेवढ्यात आबा दिसले. काठी टेकीत, एक पाय लंगडत चालले होते. गाडी हळू झाली होती, उतरता आले असते. उशीर होईल म्हणून मी उतरलो नाही. त्यांनी गाडीकडे पाहिले आणि हात जोडले. मला जोडले, की गाडीतल्या कोणा महाराजाला, देव जाणे.

त्या रात्री कीर्तनात मी पुंडलिकाचेच आख्यान लावले होते. पुंडलिक घोड्यावर आणि म्हातारा बाप मागे पायी, इथवर आलो आणि वाचा बंद झाली. लोकांना वाटले, महाराजांना गहिवर आला. तो गहिवर नव्हता, लाज होती. कसेबसे कीर्तन आवरले, नारळ तिथेच ठेवला आणि दिंडीची राहुटी शोधीत गेलो. आबा पडलेले होते. तळपायाला फोड होते. मी पायथ्याशी बसून पाय चेपू लागलो. त्यांनी डोळे उघडले नाहीत. झोपले होते की माझ्यासारखेच जागे होते, हे मी कधी विचारले नाही.

तिथून पुढे पंढरीपर्यंत मी त्यांच्याबरोबर चाललो. आता माझ्या उपरण्याचे टोक त्यांच्या मुठीत होते. वाखरी सोडल्यावर गजरात विश्वंभराचे नाव आले. आबा माझ्याकडे पाहून गप्प राहिले. तेव्हा मीच मोठ्याने 'इसंबर' म्हटले. आबा थांबले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळा, तुला आसं म्हणायचं न्हाई. तू शिकल्याला हाईस." आणि मग स्वतः म्हणाले, त्यांच्या जिभेला आले तसे. बारा वर्षांनी मला 'बाळा' ऐकावयास मिळाले. त्या साली कार्तिकीच्या आधीच त्यांनी देह ठेवला.

सज्जनहो, घोडा म्हणजे चार पायांचेच जनावर नव्हे. कोणाचा घोडा विद्येचा असतो, कोणाचा पगाराचा, कोणाचा शहरातल्या घराचा. वर बसले की बाप लहान दिसू लागतो. म्हणाल, आमचे वडील हट्टी आहेत, जुन्या वळणाचे आहेत. असतील. वडील निर्दोष असले तरच सेवा करावी, अशी अट पुंडलिकाने घातली नव्हती. ज्यांचे वडील आहेत त्यांनी यंदा त्यांच्यासंगे एक तरी मजल त्यांच्या चालीने चालावे. ज्यांचे गेले त्यांनी दिंडीत मागे पडलेल्या एखाद्या म्हाताऱ्यासाठी पाऊल आखडते घ्यावे, रात्री त्याचे पाय चेपावेत. माझ्या वाट्याला शेवटच्या थोड्या मजला आल्या. तुमच्या हाती अधिक असतील.

विठुराया सर्वांना वेळेवर खाली उतरण्याची बुद्धी देवो, हीच संतचरणी प्रार्थना. रामकृष्णहरी.