जंगीतून दिसतं ते

लहानपणी पारोळ्याच्या भुईकोटात गेलो की तटातल्या जंगीला डोळा लावायचा, हा आमचा ठरलेला खेळ. मागून आजोबा विचारायचे, "काय दिसस रे?" आतून ऐसपैस, बाहेरून चिंचोळी फट. आतल्याला खंदकापलीकडची वाट दिसायची. बाहेरच्याला आत कोण आहे याचा पत्ता नसायचा.

तीच फट उतारवयात पुन्हा भेटली, मुलीकडे इंग्लंडला गेलो तेव्हा. केनेट-एव्हन कालव्याकाठी झुडपात काँक्रीटची एक ठेंगणी, सहा कोनांची खोली होती. तिकडे हिला 'पिलबॉक्स' म्हणतात, औषधाच्या गोळ्यांची डबी. १९४० साली डंकर्कहून सैन्य माघारी आलं आणि जर्मन कधीही उतरतील या धास्तीनं नद्या-कालव्यांच्या काठांनी अशा हजारो खोल्या घाईघाईनं बांधल्या गेल्या. जर्मन आलेच नाहीत. वाकून आत शिरलो. छतातली सळई गंजून फुगली होती, तिनं काँक्रीटचा पापुद्राच उचकटला होता. दगडी तट बाहेरून झिजतो. काँक्रीट आतून पोखरलं जातं.

असलं काही जपायचं कशाला? पारोळ्याच्या किल्ल्याला निदान सांगायला गोष्ट आहे. जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी तो १७२७ साली बांधला असं सांगतात. झाशीच्या नेवाळकर घराण्याशी त्याचं नातं जोडलं जातं. या डबीतून बहुधा एक गोळीही सुटली नसेल. पण एक अख्खा देश कुठल्या दिशेकडे बघत धास्तावला होता, हे तिच्या फटी अजून दाखवतात. पराक्रमाचे पुतळे होतात. भीतीची आठवण ठेवायला एवढंच उरतं.

तिकडे १९९५ पासून काही वर्षं हौशी माणसं वह्या घेऊन शेतं-बांध हिंडली आणि अशा सुमारे २०,००० जागांची नोंद झाली. सगळ्या वाचणार नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होतं. आपल्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यात प्राचीन स्मारक ठरायला वास्तूचं वय किमान १०० वर्षं लागतं. तोवर सळई थांबत नाही. म्हणून आधी नोंद, मग डागडुजी.

परत आल्यावर वही घेऊन किल्ल्यात गेलो. एकेका जंगीला डोळा लावला, दिशा लिहिली, समोर काय दिसतं ते लिहिलं. एकीतून आता फक्त एका दुकानाची मागची भिंत दिसते. तीही लिहून घेतली.