वेळ भरली होती म्हणणाऱ्यांस

२००१ साली अधिक अश्विन चालू होता. सप्टेंबरची ३० तारीख, रविवार. माधवराव शिंदे दिल्लीहून कानपूरच्या सभेला निघाले. सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडच्या शिंद्यांचे हे वंशज, ग्वाल्हेरच्या गादीचे वारस, वय अवघे छप्पन्न. विमान खाजगी, लहानसे. उत्तर प्रदेशात मैनपुरी जिल्ह्यावर आभाळ फार बिघडले होते, तिथेच ते कोसळले. आतले आठही जण गेले.

सारा देश एका नावाने हळहळला. पण त्यात चार पत्रकार होते, विमान चालवणारे दोघे होते, एक सचिव होते. त्यांच्याही घरी कोणी जेवायचे थांबले असेल की नाही हो?

त्यानंतरच्या एका कीर्तनात एक गृहस्थ मला म्हणाले, “बुवा, वेळ भरली होती, त्याला कोण काय करणार?” मी म्हटले, दादा, वेळ भरली हे आपण मागाहून म्हणतो. निघताना ते कोणालाच ठाऊक नसते. तेव्हा हाती असतो तो विवेक. शास्त्राने प्रारब्ध सांगितले ते आलेले दुःख सोसण्यासाठी, सावधपणा सोडण्यासाठी नव्हे. चंद्रभागेला पूर असताना नावाडी ‘आज नाव नाही’ म्हणतो, त्याला आपण नास्तिक ठरवतो काय?

जाणते सांगतात, दाट ढगात क्षितिज दिसेनासे झाले की कानातले तोल सांभाळणारे इंद्रियच फसवते. विमान कललेले असते आणि चालवणाऱ्याला वाटते, सरळ चाललो आहे. म्हणून त्याला शिकवतात, अंगाच्या जाणिवेवर जाऊ नकोस, समोरच्या काट्यांवर भरवसा ठेव. (या विमानात तसेच घडले असे माझे म्हणणे नाही.) इंद्रिये फसवतात हे ऐकून आपण मांडवात माना डोलावतो, तिथे ते प्राणावर बेतते.

आणि याच माधवरावांची मागची गोष्ट ऐका. ते विमान वाहतुकीचे मंत्री असताना, जानेवारी १९९३ मध्ये, दिल्लीच्या धुक्यात भाड्याने घेतलेले एक रशियन बनावटीचे विमान उतरताना उलटले, पेटले. पांडुरंगाची कृपा, आतले सगळे वाचले. एकही जीव गेला नाही, तरी या माणसाने जबाबदारी आपली म्हणून मंत्रिपद सोडले. प्रारब्धाकडे बोट दाखवून खुर्चीवर बसून राहता आले असते की!

गृहस्थ काही बोलले नाहीत. हरिपाठाला उभे राहिलो तेव्हा हळूच त्यांनी विचारले, “बुवा, आठ म्हणालात ना?” म्हटले, होय, आठ.