थरथर कुठून येते?

चारोटी नाक्यावरच्या गर्दीतून गाडी बाहेर काढा आणि डहाणूकडे वळा. उभ्या गाडीतली थरथर महामार्गावर शोधू नका. ट्रकांच्या घरघरीत आपलं इंजिन ऐकू येत नाही. डहाणूच्या अलीकडे चिकूच्या वाड्या लागतील. दाट, पसरट झाडं, जमिनीपर्यंत झुकलेल्या फांद्या. त्यांच्या सावलीत, पण मोकळ्यावर, गाडी उभी करा. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला. गाणी बंद, दिवे बंद, एसी बंद. इंजिन चालू राहू द्या.

आता काहीच करायचं नाही. हात स्टिअरिंगवर अलगद टेकवा, पाठ सीटला लागू द्या. इंजिन गरम आहे, तेव्हा आरपीएमचा काटा साधारण 700 ते 850च्या आसपास एका जागी असायला हवा. बघत राहा. तळव्यांना काय जाणवतं? एकसारखी बारीक कंपनं, की मध्येच एखादा ठोका चुकल्यासारखं?

घाई नको. ऑक्टोबरच्या दमट दुपारी घामाघूम होऊन आपण गॅरेजात शिरतो आणि गाडीचं ऐकून न घेता ‘एसीचा गॅस बघा’ म्हणून मोकळे होतो.

आता एसी लावा. बहुतेक छोट्या गाड्यांत बॉनेटखाली ‘टक’ असा आवाज येतो. कंप्रेसरच्या क्लचने पुली पकडली. त्या क्षणी इंजिनावर दोन-तीन हॉर्सपॉवरचा भार येतो. धावत्या गाडीला तो फारसा जाणवत नाही; उभ्या गाडीचं इंजिन मात्र जेमतेम स्वतःला फिरवत असतं, त्याला तो जड जातो. म्हणून इंजिनाचं नियंत्रण करणारा ईसीयू लगेच थोडी जास्त हवा आत सोडतो. काटा किंचित खाली जातो आणि सावरतो, बहुधा आधीपेक्षा थोडा वरच स्थिरावतो.

तुमचा काटा सावरला का? तो खालीच घुटमळत असेल, तर एसी बंद करून नुसते हेडलाइट, मागच्या काचेचा हीटर, ब्लोअर लावून बघा. अल्टरनेटरचा भारही अखेर इंजिनच ओढतं. तेवढ्यानेही काटा डगमगला, तर एसीवर आळ घेऊ नका. थ्रॉटल बॉडी डोळ्यांपुढे आणा: पितळी रंगाची गोल पाकळी, आयडलिंगला जवळजवळ मिटलेली, कडेला केसभर फट. त्या फटीतूनच इंजिन श्वास घेतं, आणि तिथेच काजळीचं काळं कडं धरतं. सफाई केल्यावर बऱ्याच गाड्यांत आयडलिंग पुन्हा सेट करावं लागतं, हे मेकॅनिकला आठवणीने सांगा.

काटा मात्र स्थिर आहे आणि सीट, डॅशबोर्ड थरथरतायत? मग इंजिन बहुधा ठीक, त्याला पेलणारं माउंटिंगचं रबर दबलेलं किंवा फाटलेलं असू शकतं.

ठोका अनियमितपणे चुकतोय? गाडी सीएनजीवर असेल तर पेट्रोलवर घ्या आणि पुन्हा ऐका. सीएनजी पेटायला ठिणगी जास्त जोरकस लागते. झिजलेला प्लग किंवा थकलेली कॉइल पेट्रोलवर निभावून नेते, सीएनजीवर उघडी पडते. त्यात एसीचा भार आला की मिसिंग लपत नाही.

एका मुद्द्यावर थोडं जास्त थांबू या, कारण या पट्ट्यात तो महत्त्वाचा आहे. तलासरीकडे गाडी पळत असताना सगळं छान, पण पुढे अच्छाडला वाहनांच्या रांगेत उभं राहिलं की गारवा जातो आणि थरथर सुरू होते, असं होतं का? मग पुढच्या जाळीआडच्या कंडेन्सरकडे लक्ष द्या. महामार्गावरची धूळ, नरपड-बोर्डीच्या किनाऱ्यावरची खारी हवा; त्याच्या पापुद्र्यासारख्या पात्या बुजतात, गंजतात. धावताना वारा त्याला थंड ठेवतो. थांबल्यावर सगळं पंख्यावर येतं. पंखा संथ असला की गॅसचा दाब चढतो, कंप्रेसर जड होतो, इंजिन दमतं. यावर ‘थोडा गॅस मारून देतो’ हा उपाय मला अगदी नामंजूर आहे. गॅस प्रमाणाबाहेर गेला की दाब आणखी वाढतो. किती ग्रॅम भरायचा, ते बहुधा बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं.

बॉनेट उघडून ऐकायचं असेल तर ओढणी, बाही, हात पट्ट्यापासून लांब. पंखा न सांगता सुरू होतो. सीएनजीचा वास आला तर इंजिन लगेच बंद करून गाडीपासून दूर व्हा.

एसी पुन्हा एकदा लावा, बंद करा. ‘टक’च्या आधी काय होतं, नंतर काय झालं, ते जसंच्या तसं मोबाईलवर लिहून ठेवा: काटा कुठे होता, गाडी उभी होती की पळत होती, सीएनजी की पेट्रोल, पंखा फिरत होता का. गॅरेजात आधी हे वाचून दाखवा, मग गेज आणि स्कॅनर लावायला सांगा. पार्ट बदलायचं बोलणं त्यानंतर.