दहा मिलिमीटरांची वाट

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, पांडुरोगाच्या अध्यायात, कामलेचा, म्हणजे काविळीचा, एक प्रकार वेगळा काढून सांगितला आहे. रोग्याचा मळ वाटलेल्या तिळासारखा फिका होतो, कारण कफाने पित्ताची वाट अडवलेली असते. ही वाट पुष्कळदा स्वादुपिंडाच्या डोक्यातली किंवा खुद्द पित्तनलिकेतली कर्करोगाची गाठ अडवते, हे कळायला पुढे कितीतरी शतके जावी लागली. तरी मळाच्या रंगावरून आतला अडसर ओळखणारी ती नजर आजच्या ओपीडीतही तेवढीच कामाची आहे. डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढुरके आणि पोटात मात्र फारसे दुखत नाही, एवढे ऐकले की अनुभवी डॉक्टर गंभीर होतो. आपल्याकडे नेमके याच टप्प्यावर रोग्याला कावीळ उतरवायला नेतात. कुणी माळ घालतो, कुणी हाताला चुना चोळून पिवळे पाणी काढून दाखवतो. विषाणूची कावीळ बहुधा आपली आपण उतरते, म्हणून माळेचे नाव होते. गाठीची कावीळ तिला दाद देत नाही आणि मधले आठवडे मात्र निघून जातात.

यकृत दिवसाकाठी अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. त्याला आतड्यात उतरायला जागा उरली नाही की ते रक्तात मुरते. पिवळेपणा लोकांना दिसतो. रोग्याला छळते ती खाज. खरचटलेल्या दंडांवर खपल्या, मलमांच्या अर्धवट पिळलेल्या ट्यूब, आणि रात्री दोन वाजता दाराच्या चौकटीला पाठ घासत उभा असलेला माणूस. कर्करोगाच्या वेदनेबद्दल आपण पुष्कळ बोलतो, या खाजेबद्दल जवळजवळ नाहीच.

हॅम्बुर्गमध्ये निब सोहेंद्रा यांनी 1979च्या सुमारास एंडोस्कोपमधून प्लास्टिकची नळी पित्तमार्गात सरकवून दाखवली. तोवर वाट मोकळी करायची तर पोट उघडून पित्तमार्ग आतड्याला जोडणे किंवा बरगड्यांमधून सुई घालून पित्त बाहेर पिशवीत काढणे, असे जड पर्याय होते. नळीने हे सोपे केले, पण ती जेमतेम तीन-साडेतीन मिलिमीटर रुंद. रोजचे पित्त वाहून न्यायला तेवढी रुंदी पुरते. अडचण निराळीच आहे. आतड्यातले जिवाणू तिच्यात शिरतात, न्हाणीच्या पाइपात धरतो तसा बुळबुळीत थर धरतो, त्यावर पित्तातला गाळ बसतो आणि तीन-चार महिन्यांत नळी तुंबते. मग हुडहुडी भरून ताप, आणि पुन्हा तेच टेबल.

धातूची जाळी आली ती 1980च्या दशकाच्या अखेरीस. आज बहुतेक जाळ्या निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या, निटिनॉलच्या, असतात. हा धातू अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर क्षेपणास्त्राच्या नाकाडासाठी उष्णता सोसणारा पदार्थ शोधत होते, त्या खटपटीतून पुढे आला. 1961 साली एका बैठकीत कुणीतरी त्याच्या चुरगाळलेल्या पट्टीला लायटर लावला आणि पट्टी आपोआप सरळ झाली. युद्धासाठी शोधलेली वस्तू पित्तनलिकेत येऊन बसते, याला काय म्हणावे! ही जाळी दाबून अडीच-तीन मिलिमीटरच्या वेष्टनात बसवतात. एक्स-रेच्या पडद्यावर आधी फक्त एक बारीक रेघ दिसते. वेष्टन मागे ओढले की दोन्ही टोके फुलतात, मधे गाठीच्या जागी कंबर राहते आणि काळपट पित्त आतड्यात उसळते. ती कंबर पुढच्या एक-दोन दिवसांत रुंदावते. मार्ग आता दहा मिलिमीटरांचा होतो.

जाळीतही उणे आहेच. उघड्या जाळीच्या छिद्रांतून गाठ आत वाढते. सिलिकॉनचे आवरण घातले तर ती घसरू शकते. गंगेच्या खोऱ्यात पित्ताशयाचा कर्करोग फार आढळतो. तो जिथे उजवी-डावी नलिका मिळते तिथपर्यंत चढला असेल, तर आवरणाने बाजूच्या फांद्याच बुजतील.

मला थांबवून ठेवतात ते 1992च्या एका डच चाचणीतले आकडे. प्लास्टिकची नळी मध्यमानाने 126 दिवस चालली, जाळी 273 दिवस. आणि रोगी? दोन्ही गटांत फरक नाही, 149 दिवस. म्हणजे जाळी माणसाच्या पुढे टिकत होती. तेव्हापासून ढोबळ नियम असा की तीन-चार महिन्यांपेक्षा अधिक आयुष्य दिसत असेल तर धातू, नाहीतर कितीतरी पट स्वस्त प्लास्टिक. बाहेर उभा असलेला मुलगा म्हणतो, "सगळ्यात चांगली असेल ती टाका, पैशांचं बघतो आम्ही." त्याला वाटते प्रश्न दर्जाचा आहे. डॉक्टर मनातल्या मनात महिने मोजत असतो, आणि ते मोजमाप सहसा बोलून दाखवत नाही.

रोग्याला सांगतात, कावीळ आहे, नळी टाकली की उतरेल. हे खोटे नाही, हीच त्यातली अडचण. कावीळ खरोखर उतरते, खाज थांबते, वरणभाताला चव येते. घरात हायसे वाटते आणि "आता बरं आहे" म्हणून कर्करोगाच्या डॉक्टरची पुढची तारीख हुकते. उपाय फसला असता तर सत्य लवकर बाहेर आले असते. तो साधल्यामुळे ते लांबते. माझ्या मते जाळी निवडतानाच हिशेब उघड मांडावा. महाग वस्तूची भलामण करण्यापेक्षा तो प्रामाणिकपणा त्या मुलाला जास्त उपयोगी पडेल. रोगी विचारत असेल तर त्यालाही.

शिवाय तो हिशेब आता जुना होत चालला आहे. 2011 साली फ्रान्समधून चार औषधांच्या मिश्रणाची चाचणी प्रसिद्ध झाली: पसरलेल्या स्वादुपिंड कर्करोगात मध्यमान आयुष्य 6.8 महिन्यांवरून 11.1 महिन्यांवर गेले. ते रोगी निवडक होते, त्यातल्या त्यात धडधाकट, हे खरे. पण रक्तातले बिलिरुबिन, म्हणजे पित्ताचे पिवळे द्रव्य, उतरल्याशिवाय ती औषधे देताच येत नाहीत, म्हणजे या केमोचे दारही जाळीच उघडते. आणि अकरा महिने हे 273 दिवसांपेक्षा जास्तच. त्यामुळे आता जाळी तुंबलेली आणि माणूस हिंडताफिरता, असे रोगी परत येऊ लागले आहेत. गाठीत रुतलेली उघडी जाळी ओढून काढता येत नाही, म्हणून तिच्याच पोटात दुसरी सरकवतात.