कोणाला द्यायचं नाही?

बेळगावात जुन्या बंगल्याच्या आवारात अनंत असायचाच. इथली तांबडी माती आणि वळवानंतरची ओलसर हवा त्याला मानवते. सकाळची फुलं देवाला, एखादं अंबाड्यात, आणि दुसऱ्या दिवशी पिवळी पडली की निर्माल्यात. अनंताला फळ धरलेलं मात्र सहसा कोणी पाहिलेलं नसतं. आपण लावतो त्या दाट फुलाच्या जातीत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, मग फळ कुठून धरणार?

या झुडपाचं माहेर चीनकडचं. तिथे एकेरी, सहा पाकळ्यांचा अनंत फळतो. उभ्या कंगोऱ्यांचं, पिकल्यावर केशरी-तांबडं होणारं ते लहानसं फळ वाळवून ठेवतात. चिनी वैद्य त्याला झीझी म्हणतात. चवीला कडू, गुणाने थंड. अंगातली उष्णता, कावीळ, जिवाची तगमग यांवर ते देतात. केशराला पिवळा रंग देणारं क्रोसिन या फळातही असतं, म्हणून जपानात नवीन वर्षाच्या गोडाधोडाला रंग आणायला ते वापरतात.

इसवी सन २०० च्या सुमारास झांग झोंगजिंग या वैद्याने ‘शांगहान लुन’ हा ग्रंथ लिहिला. त्यात या फळाचा काढा आहे. घाम काढून झाला, वांती झाली, रेच झाला, तरी रोगी रात्रभर कूस बदलतोय, छातीत घालमेल होतेय, डोळ्याला डोळा लागत नाही, अशा वेळी १४ फळं फोडून आंबवलेल्या सोयाबीनबरोबर उकळायची. काढ्याचे दोन भाग करायचे. पहिल्यानेच उलटी झाली तर दुसरा द्यायचा नाही. आणि ज्याला मुळातच पातळ शौचाला होत असतं, त्याला हा काढा देऊच नये, असं तिथे स्पष्ट बजावलं आहे. कृतीपेक्षा मला ही ताकीद मोलाची वाटते. अलीकडच्या काळात जपान आणि तैवानमधल्या डॉक्टरांना दिसलं, की हे फळ असलेली औषधं वर्षानुवर्षं घेणाऱ्या काही जणांच्या मोठ्या आतड्याच्या शिरा कडक झाल्या आहेत. अठराशे वर्षांनी बोट पुन्हा आतड्यावरच आलं!

पोटासाठी हात आखडून द्यायचं असंच एक फळ आपल्याकडेही आहे. खानापूरच्या रानात केवणीची झुडपं आहेत. फूल विटकरी लाल, उतरताना करडं-निळसर होतं. फळ म्हणजे स्क्रूसारखी पिळाची मुरुडशेंग. कन्नड बोलणारे तिला येडमुरी म्हणतात. काष्ठौषधींच्या दुकानात दोन्ही नावांनी मागितली तरी पुडीत तीच पडते. पोटात पिळवटतं म्हणून पिळाची शेंग, हा जुना तर्क मला काही पटत नाही. पटतो तो गुटी देणाऱ्या आजीचा हात. सहाणेवर मुरुडशेंगेचे वेढे मोजून दोन, बाळ मोठं होईल तसा एखादा जास्त. चाटण बोटाच्या टोकाएवढं. त्याआधी शी कशी झाली, दूध ओढतंय का, अंग गरम लागतंय का, याची चौकशी. अंग गरम लागलं की सहाण बाजूला: “डॉक्टरकडं घेऊन जा की गं आधी, गुटी कुठं पळून जातीया!”

आता बालरोगतज्ज्ञ पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच देऊ नका म्हणतात. काही आज्यांना ते टोचतं. मला विचाराल तर हा सल्ला त्यांच्याच घराण्यातला आहे. हात कधी आवरायचा हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, डॉक्टर आणखी थोडा आधी आवरायला सांगतात.

मोबाइलवर रोज येणाऱ्या आरोग्यमंत्रांत नेमकं हेच गळालेलं असतं. अमुक फळ उकळा, रोज उपाशीपोटी प्या, शुगर जाईल, गुडघे सुटतील, दहा जणांना पाठवा. किती दिवस प्यायचं, काय झालं की थांबायचं, याचा पत्ता नाही. आमच्या नात्यातल्या ग्रुपवर निपाणीपासून पुण्यापर्यंतची मंडळी आहेत आणि असा एखादा काढा तिथे रोज उकळतो. मी हल्ली खाली एवढंच विचारते, “हे कोणाला द्यायचं नाही?” दोन निळ्या खुणा उमटतात, मग कोणीतरी फुलांचं चित्र टाकून सुप्रभात म्हणतं.